पावसात बसणारा, उन्हात बोलणारा हॉर्न: दोष नेमका कुठे शोधायचा

मृगाच्या सरी आल्या की कोल्हापुरात हॉर्नच्या तक्रारीही येतात. गगनबावड्याकडून गाडी भिजत आली, हॉर्न दाबला तर आवाज नाही. दोन दिवस उघडीप मिळाली की तोच हॉर्न खणखणीत वाजतो, पुढच्या सरीला परत गप्प. शेवटी वैतागून हॉर्नची जोडी बदलली जाते. नवी जोडी महिना-दोन महिने वाजते आणि मग तिचाही आवाज बसतो. दुसरा हंगाम खंडेनवमीचा. गाडी समोरून प्रेशरने धुतात, हार घालतात, आणि दसऱ्याला सोनं द्यायला निघालेली गाडी घोगऱ्या आवाजात बोलते.

ऊन-पावसाबरोबर ये-जा करणारा दोष बहुतेक वेळा हॉर्नच्या आत नसतो, तो जोडावर असतो. अर्थचा (वायर बॉडीला जोडणारा) बोल्ट, कप्लरमधली (वायरी जोडणाऱ्या प्लगमधली) पिन, रिलेचं (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणाऱ्या स्विचचं) सॉकेट, यांपैकी एक. नवी जोडी महिनाभर का वाजली याचं उत्तरही त्यातच आहे. जुना हॉर्न काढताना बोल्ट फिरला, गंज खरवडला गेला, लग (वायरीच्या टोकाची धातूची पट्टी) उपसून परत दाबून बसवली. दुरुस्ती त्या खरवडण्याने झाली, पैसे मात्र हॉर्नला गेले.

करंटचा रस्ता

बहुतेक चारचाकींत बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून करंट फ्युजमधून (गाडीप्रमाणे १०, १५ किंवा २० अँपिअर) रिलेच्या ३० नंबरच्या पिनला येतो. रिले ओढला की ३० आणि ८७ जुळतात आणि ८७ वरून हॉर्नला सप्लाय जातो. हॉर्नमधून तो बॉडीवरून, म्हणजे अर्थमार्गे, बॅटरीच्या निगेटिव्हला परततो. रिलेच्या कॉइलच्या पिना ८५ आणि ८६. एकीवर कायम १२ व्होल्ट, दुसरीची वायर स्टिअरिंगवरच्या बटणाला. बटण दाबलं की ती वायर अर्थ होते. काही छोट्या रिलेवर १, २, ३, ५ असे आकडे असतात, त्यात १ आणि २ कॉइलच्या, ३ आणि ५ पॉइंटच्या (जुळून करंट सोडणाऱ्या टोकांच्या). कॉइल ०.१५ अँपिअरच्या आसपास घेते, तेवढाच करंट बटणातून जातो. डिस्क हॉर्न मात्र एकेक ३ ते ५ अँपिअर ओढतो. जोडीचे ८ धरा.

हॉर्नच्या आत एक विद्युतचुंबक पत्र्याचा पडदा ओढतो, पडदा आत आला की पॉइंट उघडतात, करंट तुटतो, पडदा मागे जातो, पॉइंट पुन्हा जुळतात. हे सेकंदाला साधारण ४०० वेळा चालतं. म्हणून व्होल्ट कमी पोचले की हॉर्न नुसता हळू वाजत नाही. तो घोगरा होतो, चिरकतो, आणि आणखी कमी झाले तर एकदा ‘टक’ करून थांबतो.

आधी कान लावा

इग्निशन चालू, इंजिन बंद, बोनेट उघडं, एक माणूस आत आणि एक रिलेपाशी. बटण दाबल्यावर रिलेतून ‘टिक’ आला पण हॉर्न गप्प राहिला, तर बटण, स्टिअरिंग आणि रिलेची कॉइल यांच्यामागे लागू नका. दोष रिलेच्या पॉइंटपासून हॉर्नच्या अर्थपर्यंत कुठेतरी आहे. टिकच नसेल तर फ्युज, रिले किंवा स्टिअरिंगची बाजू. दोनपैकी एकच हॉर्न वाजत असेल तर त्या एकाच्या कप्लरवर आणि बोल्टवर या. इंजिन चालू असताना बरा वाजतो आणि बंद केल्यावर घोगरा होतो, तर कुठेतरी व्होल्ट गळताहेत किंवा बॅटरीच उतरली आहे. अल्टरनेटरचे १४ व्होल्ट तेवढा वेळ दोष झाकतात.

मीटर इथं फसवतो

सगळ्यात जास्त चुकीचं निदान याच टप्प्यावर होतं. हॉर्नचा कप्लर काढायचा, मीटर (मल्टीमीटर) लावायचा, १२.४ व्होल्ट दिसले की ‘सप्लाय येतोय, हॉर्न गेला’ म्हणून मोकळं व्हायचं. मीटर स्वतः जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे गंजलेल्या जोडातूनही त्याला पूर्ण व्होल्ट दिसतात. ०.३ ओहमचा गंज मीटरला जाणवणार नाही. त्यातून ८ अँपिअर जायला लागले की २.४ व्होल्ट तिथंच खर्ची पडतात आणि हॉर्नला १० मिळतात. बरं, हॉर्न वाजत असताना मोजावं तर करंट सेकंदाला ४०० वेळा तुटतोय, मीटरचे आकडे नाचतात.

यावर स्वस्त आणि पक्का उपाय म्हणजे हेडलाइटचा जुना एच४ बल्ब. ६०/५५ वॉटचा, एक फिलामेंट उडालेला असला तरी चालतो, दुसरा शाबूत हवा. तो ५ अँपिअरच्या आसपास घेतो, म्हणजे एका हॉर्नचं ओझं, तेही न तुटता. तीन पिनांपैकी समाईक पिन मीटरने ओळखा, चालू फिलामेंटच्या दोन पिनांना दीड चौरस मिलिमीटरच्या दोन वायरी सोल्डर करा, टोकांना मगरचिमटे लावा. बल्ब अर्ध्या मिनिटात चटका देण्याइतका तापतो. बंपरच्या प्लास्टिकवर किंवा वायरिंगवर टेकवू नका.

१. बॅटरी मोजा. रात्रभर उभ्या गाडीवर १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. त्याखाली असेल तर आधी चार्ज करा, पुढचं सगळं मोजमाप नाहीतर वाया.

२. दोन्ही हॉर्नचे कप्लर काढा. एका कप्लरच्या दोन पिनांना बल्ब जोडा. एकच वायर येणारा हॉर्न असेल तर एक चिमटा त्या वायरला, दुसरा हॉर्नच्या ब्रॅकेटच्या बोल्टला. आतल्या माणसाला बटण दाबून धरायला सांगा.

३. बल्ब हेडलाइटसारखा पांढरा पेटला तर वायरिंग ठीक, हॉर्नच बिघडला आहे. पिवळा, मंद पेटला किंवा पेटलाच नाही तर हॉर्न विकत घेऊ नका.

४. बल्ब पेटलेला असतानाच मीटर २० व्होल्टच्या रेंजवर घ्या. लाल प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खांबावर), काळा बल्बच्या पॉझिटिव्ह चिमट्यावर. ०.५ व्होल्टपर्यंत ठीक. मग काळा निगेटिव्ह खांबावर, लाल बल्बच्या अर्थच्या चिमट्यावर. इथं ०.२ च्या वर गेला की अर्थ खराब. प्रोबला लांब वायर लागेल, जोडून ठेवा.

५. ज्या बाजूला जास्त आलं ती बाजू तुकड्यांनी मोजा. खांब ते क्लॅम्प, क्लॅम्प ते फ्युज, फ्युजच्या दोन्ही बाजू, ३० ते ८७, ८७ ते कप्लर. आकडा जिथं उडी मारतो तिथंच दोष.

पावसाळ्यातल्या गाड्यांत ही उडी बहुधा अर्थच्या बोल्टवर सापडते. हेडलाइटमागे किंवा रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर १० च्या पान्याचा एक बोल्ट असतो आणि त्याखाली दोन-तीन वायरींच्या लगा एकत्र दाबलेल्या असतात. वरून स्वच्छ दिसतो, म्हणून कोणी खोलत नाही. खोलल्यावर लगेखाली तांबूस पूड निघते. लग आणि पत्रा दोन्ही पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घाला, घट्ट करा, आणि मग वरून पेट्रोलियम जेली किंवा रंग लावा. आधी रंग लावून मग बोल्ट आवळला की पुढच्या मृगाला तुम्ही परत तिथंच.

पत्राच खाल्लेला असेल तर हॉर्नपासून अडीच चौरस मिलिमीटरची वेगळी काळी वायर चांगल्या अर्थ पॉइंटवर न्या. बॅटरीच्या निगेटिव्ह क्लॅम्पवर सेन्सरची डबी असलेल्या गाडीत ही वायर थेट खांबाला जोडू नका, बॉडीवरच्या पॉइंटला जोडा. नाहीतर त्या सेन्सरचा हिशेब चुकतो.

कप्लर हिरवा पडला असेल

पॉझिटिव्ह पिनवर पाणी आणि करंट एकत्र आले की तांबं हिरवं पडून झिजतं. नुसतं घासून भागत नाही, कारण पाणी वायरच्या आवरणाखालून आत चढलेलं असतं. आवरण सोलून पाहा. तारा काळ्या असतील तर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापा, मग ते ५ सेंटिमीटर असो की १५. नवी पिन क्रिम्प करा (पकडीने वायरीवर दाबून बसवा), आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा. नुसती काळी टेप पाणी अडवत नाही, अडकवते. कप्लर सिलिकॉनने लिंपायचा मोह टाळा. व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन सुकताना जे आम्ल सोडतं, ते तांब्याला खातं. पिनांवर डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचा पातळ थर पुरतो, आणि कप्लरचं तोंड खाली राहील अशी वायर वळवा म्हणजे पाणी वायरीवरून ओघळून त्यात शिरणार नाही.

हॉर्नच घोगरा असेल

बल्ब पांढरा पेटला, तरच इथं या. आधी हॉर्न ब्रॅकेटवर मोकळा डोलतोय का पाहा. त्याचं अंग ग्रिलला, बंपरला किंवा दुसऱ्या हॉर्नला टेकलं की आवाज फाटतो. लिंबू-मिरचीची तार हॉर्नच्या ब्रॅकेटला आवळून बांधलेली असेल तर ती दुसरीकडे हलवा. तार टर्मिनलला लागली तर फ्युज उडेल आणि नजर लागल्याचा आरोप शेजाऱ्यावर जाईल.

डिस्क हॉर्नच्या मागे रंगाने सील केलेला एक स्क्रू असतो. त्याने पॉइंटचं अंतर बदलतं. मूळ जागेवर खूण करा, पाव आट्यापेक्षा कमी फिरवा, एक सेकंद वाजवा, ऐका. कुठल्या बाजूला फिरवायचं ते प्रत्येक बनावटीत वेगळं, म्हणून आधी एका बाजूला, सुधारणा नसेल तर खुणेवर येऊन दुसऱ्या बाजूला. फार फिरवला तर दोनपैकी एक होतं. पॉइंट कधीच उघडत नाहीत, मग ‘टक’ होऊन हॉर्न तापत राहतो. किंवा कधीच जुळत नाहीत, मग काहीच होत नाही. अर्ध्या आट्यात आवाज सुटला नाही तर पडदा गंजला आहे, जोडी बदला. शंखाच्या आकाराचा हॉर्न असेल तर त्याचं तोंड खाली किंवा तिरकं खाली ठेवा. समोर आकाशाकडे तोंड केलेला शंख म्हणजे पावसाचं पाणी साठवायचं भांडं.

मोठ्या आवाजाची जोडी बसवायची असेल तर मूळ वायरवर ओझं टाकू नका. बॅटरीपासून वीतभर अंतरात २० अँपिअरचा फ्युज, स्वतंत्र रिले, अडीच चौरस मिलिमीटरची वायर, आणि मूळ हॉर्नच्या वायरीवरून फक्त रिलेची कॉइल चालवायची. वेगवेगळे सूर काढणारा हॉर्न केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम ११९ मध्ये बसत नाही, तो पैसे देऊन विकत घेतलेला दंड आहे.

टिक येत नसेल

रिले काढा. सॉकेटच्या ३० वर १२ व्होल्ट हवेत. नसतील तर फ्युज किंवा त्यामागची वायर. असतील तर १५ अँपिअरचा फ्युज मध्ये असलेल्या वायरीने ३० आणि ८७ क्षणभर जोडा. हॉर्न वाजला तर पुढचा सगळा रस्ता ठीक. आता त्याच नंबरचा दुसरा रिले, बहुधा फॅनचा किंवा हेडलाइटचा, अदलाबदल करून पाहा. तरी गप्प राहिला तर सॉकेटच्या बटणाकडच्या पिनवर (बहुधा ८५) बटण दाबल्यावर अर्थ मिळतो का तपासा. इथं करंट थोडा आहे, म्हणून मीटर पुरतो. काही नव्या गाड्यांत हॉर्नचा रिले बॉडी कंट्रोल मॉड्यूलच्या (गाडीतली वीज सांभाळणाऱ्या संगणकाच्या) सर्किटच्या पाटीवरच सोल्डर केलेला असतो. तिथं वायर घालून जोडण्याचा प्रयोग करू नका.

हॉर्न स्टिअरिंग सरळ असताना वाजतो आणि वळवल्यावर बंद होतो, शिवाय डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागला आहे, तर क्लॉक स्प्रिंग गेली. स्टिअरिंगमागे गुंडाळलेली ही पट्टीची केबल फिरून फिरून तुटते. ती बदलण्याआधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा, किमान तीन मिनिटं थांबा, आणि एअरबॅगच्या पिवळ्या कप्लरवर मीटर किंवा टेस्ट लॅम्प अजिबात लावू नका. नवी क्लॉक स्प्रिंग चाकं सरळ ठेवून, तिच्यावरच्या खुणा जुळवूनच बसवायची. मध्य चुकला तर पहिल्याच पूर्ण वळणावर ती तुटते आणि परत तेवढाच खर्च. एअरबॅग नसलेल्या जुन्या गाड्यांत पितळी कडी आणि स्प्रिंगवरचा कार्बन असतो. कडी बारीक पॉलिश पेपरने घासा, कार्बन झिजला असेल तर बदला, दहा मिनिटांचं काम.

आपोआप वाजत सुटला तर

रात्री दोनला गल्ली जागी झाली की आधी हॉर्नचा रिले उपसा. तरी वाजत असेल तर ८७ नंतरची वायर दुसऱ्या पॉझिटिव्हला चिकटली आहे. थांबला तर दुसरा रिले घाला. नव्या रिलेने शांत राहिला म्हणजे जुन्याचे पॉइंट वितळून चिकटले होते. नव्यानेही वाजू लागला तर बटणाची वायर कुठेतरी अर्थ होतेय: पॅड उन्हाने वाकून बटण दबलेलं, क्लॉक स्प्रिंग, किंवा उंदराने सोललेली वायर. ऊसतोड सुरू झाली की फडातले उंदीर जागा शोधतात आणि उभ्या गाडीचं गरम इंजिन त्यांना आवडतं. शेताच्या कडेला गाडी राहत असेल तर हेडलाइटमागची वायरिंगची जुडी दर आठवड्याला बोट फिरवून पाहा.

फ्युज पुन्हा पुन्हा उडत असेल तर मोठा फ्युज घालू नका. १५ चा निळा काढून ३० चा हिरवा घातला की पुढच्या वेळी फ्युजऐवजी वायर जळते. फ्युजच्या जागी २१ वॉटचा इंडिकेटर बल्ब जोडा, रिले काढा. बल्ब पेटला तर शॉर्ट रिलेच्या आधी. नाही पेटला तर हॉर्नचे कप्लर काढून, रिले परत घालून बटण दाबा. आता बल्ब लख्ख पेटला तर शॉर्ट ८७ ते हॉर्नच्या दरम्यान. बटण दाबून धरून वायरिंग हलवत जा, बल्ब जिथं मिटतो तिथली टेप सोला.

त्याच अर्थची बाकीची भुतं

ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मंद होतो, इंडिकेटर दिला की टेल लाइट लुकलुकते, हा प्रकार बल्बचा नसतो. मागच्या दिव्यांच्या समाईक अर्थला वाट मिळत नाही म्हणून करंट शेजारच्या बल्बमधून परत जातो. डिकीतला अर्थचा बोल्ट वर सांगितल्यासारखाच साफ करा. इंडिकेटर दुप्पट वेगाने चालला तर त्या बाजूचा एक बल्ब उडाला आहे किंवा कोणीतरी एलईडी घातला आहे.

बॅटरी दोन-तीन दिवसांत उतरत असेल तर आधी चार्जिंग पाहा: इंजिन चालू असताना खांबांवर १३.८ ते १४.५ व्होल्ट. ते ठीक असेल तर निगेटिव्ह क्लॅम्प काढून खांब आणि क्लॅम्पमध्ये मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावा, दारं लॉक करा, अर्धा तास थांबा. २० ते ५० मिलिअँपिअर साधारण. ५०० दिसले तर दिवसाला १२ अँपिअर-तास जाताहेत आणि ३५ ची बॅटरी तिसऱ्या दिवशी बसणारच. फ्युज एकेक उपसत जा, आकडा जिथं पडतो ते सर्किट. मीटर लावलेला असताना किल्ली फिरवून सेल मारू नका, मीटरचा फ्युज जागीच जाईल. म्युझिक सिस्टिम, ट्रॅकर आणि डॅशकॅम बाहेरून बसवले असतील तर त्यांच्या वायरी आधी काढून पाहा.

पुराचं पाणी शिरलं असेल

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला आली की सखल भागातली गाडी उंचावर न्यावी, ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट पाहू नये. पाणी आत गेलंच तर किल्ली फिरवायची नाही, हॉर्न वाजतो का तेही बघायचं नाही. ओल्या पिनेवर सप्लाय आला की ती तासाभरात हिरवी पडायला लागते. निगेटिव्ह काढा. फ्युज बॉक्स, सीटखालचे कप्लर आणि दाराच्या खांबाखालची जुडी उघडा, आधी स्वच्छ पाण्याने चिखल धुवा, मग कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. पिवळे कप्लर तसेच सोडा, ते वर्कशॉपवाल्याला उघडू द्या. कार्पेटखालचा फोम वरून कोरडा वाटला तरी आठवडाभर पाणी धरून ठेवतो आणि वायरिंग त्याच्यावरूनच जातं, त्यामुळे सीट काढून फोम बाहेर उन्हात टाका आणि तो हलका होईपर्यंत बॅटरी जोडू नका.